पायाळू वहिनी आणि विजेचे किरण

मावशीच्या घराच्या स्लॅबवर मी ठेवलेल्या डब्याबद्दल गावात निरनिराळी मतं होती. कुणाला तो कॅमेरा वाटायचा, कुणाला मोबाइलच्या टॉवरचं पिल्लू. पीक विम्यावाल्यांनी पाऊस मोजायला बसवलाय, अशीही एक आशा होती. मी कुणालाच काही सांगत नव्हते. परभणीत इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं विज्ञान सगळं इंग्रजीत होतं आणि मराठी फक्त घरातलं, जेवायला बोलवण्यापुरतं. त्यात मला मुळातच अनोळखी माणसांपुढे बोलायला नको वाटतं. मावशी झरीच्या पुढच्या या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. ती म्हणायची, "अगं, विचारलं तर सांगावं. तुझा डबा आहे, चोरीचा नाही."

डबा म्हणजे प्लास्टिकच्या निळ्या ड्रमखाली झाकलेलं एक उपकरण. त्याच्या आत मिठाच्या खड्यासारखा दिसणारा एक मोठा स्फटिक होता. क्ष-किरण किंवा त्याहून जोरकस असे गॅमा किरण त्यातून गेले की स्फटिकात बारीकसा उजेड पडतो. डोळ्यांना न दिसणारा तो उजेड उपकरण टिपतं आणि त्याचे आकडे खाली खोलीत माझ्या लॅपटॉपवर येतात. वायर नव्हती, मुद्दामच; वीज पडली तर ती घरात यायला नको. संशोधनासाठी माझ्या सरांनी हा डबा दिला होता आणि काम एवढंच होतं, की परतीच्या पावसात जवळ वीज पडलीच तर तिच्यातून निघणारे किरण टिपायचे.

विजेतून क्ष-किरण निघतात, हे मी पहिल्यांदा वाचलं ते जिंतूरच्या बसमध्ये. कॉलेजची सहल येलदरीचं धरण आणि तिथलं वीजघर बघायला चालली होती. पुढे मुली गाणी म्हणत होत्या आणि मी खिडकीशी फोनवर वाचत बसले होते. ढगात विजेचा ताण इतका वाढतो, की काही इलेक्ट्रॉन हवेच्या अडवण्याला जुमानत नाहीत. ते सुटतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळतात, वाटेत दुसऱ्या इलेक्ट्रॉनांना धक्का देऊन त्यांनाही पळवतात, आणि हवेच्या कणांपाशी त्यांची वाट वाकली की तिथून हे किरण फुटतात. आकाशात दूरवरच्या ताऱ्यांकडे तोंड करून बसलेल्या उपग्रहांना एकदा असे झोत दिसले, आणि ते वरून नाही, खालून, पृथ्वीवरच्या वादळांतून येत होते. काही झोतांत तर प्रतिद्रव्याचे कणही होते. मी फोन खाली केला. बाहेर तुरीचं रान होतं, बांधावर एक म्हातारा बिडी ओढत होता आणि त्याच्या डोक्यावर कापसासारखा एक साधा ढग होता. मी त्या ढगाकडे वळण येईपर्यंत बघत राहिले. सहलीत नंतर काय झालं ते मला फारसं आठवत नाही.

मावशीच्या घरी आल्यावर पहिले काही दिवस मी नुसती पडद्यावरची रेघ बघत असे. वीज नसली तरी रेघ शून्यावर येत नाही. जमिनीतून, विटांतून, दूर आकाशातून किरण येतच असतात. ते माझ्यातून, मावशीच्या चहाच्या कपातून, दारातल्या शेळीतून आरपार जात होते आणि शेळी शांतपणे पाला खात होती. हे कुणाला तरी सांगावंसं वाटायचं, पण सांगणार कुणाला?

शेजारी एक धनगर कुटुंब होतं. पावसाळ्यात काळ्या रानात मेंढरांचे खूर सडतात, म्हणून मुलगा कळप घेऊन जिंतूरकडच्या मुरमाड माळावर गेला होता. घरात सासू, सून आणि लहान कोकरं. सुनेचं लग्न त्याच वर्षी झालेलं. वयानं ती माझ्याएवढीच, पण मी तिला वहिनी म्हणायचे आणि ती मला ताई. हसरी, चपळ, एका जागी न बसणारी. तरी ती घरातच असायची. गावातल्या बायांची टोळी सोयाबीन काढायला रोज निघायची तेव्हा ती दारात उभी राहून बघायची.

"तुम्ही जात नाही?" एकदा मी धीर करून विचारलं.

"मी पायाळू हाय ना," ती म्हणाली.

मला शब्द माहीत नव्हता. तिनं हसत सांगितलं. बाळ डोक्याकडून न येता पायांकडून जन्माला आलं की ते पायाळू. आणि पायाळू माणसाला वीज शोधत येते. माहेरी ताडकळसकडे याची कुणी पर्वा केली नव्हती. ती पाऊस-पाण्याची रानात हिंडायची. पण लग्नानंतर तिची चुलती इकडे आली आणि तिच्या पायाळूपणाचं कौतुकानं बोलून गेली. तेव्हापासून सासूनं आभाळ आलं की सुनेला आतल्या खोलीत बसवायला सुरुवात केली. आता तर तिनं ठरवलंच होतं, की विजा थांबेपर्यंत सुनेनं माहेरी राहावं.

"पुढच्या बाजारादिवशी भाऊ येतोय न्यायला," वहिनी म्हणाली. "आता दिवाळीपस्तोर. मग उन्हाळ्यात वळवाच्या विजा सुरू झाल्या की परत धाडत्याल. आसं आर्धं वरीस इकडं, आर्धं तिकडं. एखाद्या साली आणायचंच इसरून जात्याल, ताई."

हे म्हणताना ती हसत नव्हती.

सासू वाईट बाई नव्हती. मला रोज तांब्याभर दूध आणून द्यायची. पण कोकरांचा विषय निघाला की तिचा आवाज बदलायचा. "एक ईज पडली की समदी कोकरं जळून जात्याल, पोरी. माजं काय, मी म्हातारी. ही मुकी लेकरं कुणाला सांगत्याल?"

संध्याकाळी मात्र याच घराच्या ओट्यावर गर्दी व्हायची. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण जाते, असंही गावात मानतात. दिवसभर वाकून सोयाबीन कापलेल्या बाया ओट्यावर पालथ्या पडायच्या आणि वहिनी त्यांच्या कंबरेवर हलकेच पाय द्यायची. टोळीची मुकादमीण, ठसठशीत कुंकू लावणारी जाडजूड बाई, सगळ्यांच्या आधी आडवी व्हायची.

"खाली. आगं, आनखी खाली. हां, तितंच. हाण आता."

"लागंल की, काकू."

"लागू दे. कंबर मोडून पडलीय."

"मग सकाळी मलाबी संगं घेऊन चला ना. रानातच हाणते. इथवर यायची तकलीफ नको तुमाला."

बाया खिदळल्या. मुकादमीण पडल्या पडल्याच म्हणाली, "तुजा पाय चालतो गं आमाला. तू नको."

बाया आणखी हसल्या. वहिनीही हसली, पण पाय जरा जोरात पडला असावा, कारण मुकादमीण "आई गं" म्हणून ओरडली.

उठून पदर झटकत ती म्हणाली, "खरं सांगू का? ही संगं नसली की आमाला फिकीरच न्हाई. आभाळ आलं, की शाळंमागल्या लिंबाखाली जाऊन बसायचं, भाकर खायची. कडाडतंय तर कडाडू दे. जिला हुडकायलीय ती तर घरात बसलीय."

ते कडुलिंबाचं झाड मी स्लॅबवरून रोज बघायचे. मोकळ्या रानात तेवढंच एक उंच झाड होतं.

"झाडाखाली नका बसू," मी म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की मुकादमिणीनं कान पुढे केला.

"काय मनल्या, ताई?"

"विजेत झाडाखाली बसू नये. मोकळ्या रानातलं उंच झाड..."

"तुमच्या डब्यानं सांगितलं का?" कुणीतरी विचारलं आणि पुन्हा हशा झाला. मी घरात निघून आले.

वहिनी माझ्या मागोमाग आली. "ताई, खरंच कळतं का त्येला? कुणावर पडणार ते?"

"नाही, वहिनी. पडली तर तिचे किरण कळतात. माणसाचं काही कळत नाही."

"तेच तर. माजं काही कळत न्हाई, हेच समद्यांना दाखवा ना."

ती एवढ्या सरळपणे म्हणाली की मला नाही म्हणता आलं नाही. मावशीला तर ही कल्पना फारच आवडली. पुढच्या रविवारी तिनं बायांना चहाला बोलावलं. सासू आली, मुकादमीण आली, टोळीतल्या आणखी काहीजणी आल्या आणि लॅपटॉपसमोर सतरंजीवर बसल्या. दुपार होती, ऊन-सावली चाललेली. वहिनी जिन्यानं स्लॅबवर गेली आणि डब्याला हात लावून उभी राहिली. रेघ होती तशीच राहिली. तिला खाली बोलावून मी दुसऱ्या बाईला वर पाठवलं. रेघ तशीच.

"बघितलं?" मावशी म्हणाली. "आहे का फरक?"

"पुन्यांदा धाडा बरं हिला," मुकादमीण म्हणाली.

वहिनी पुन्हा वर गेली आणि नेमका त्याच वेळी पाऊस आला. गडगडाट नव्हता, नुसती एक सर. मी तिला लगेच खाली बोलावलं. ती केस पुसत आत येते न येते तोच रेघ वर चढायला लागली. हळूहळू, थांबत नाही अशी.

पावसात ती चढते हे मला ठाऊक होतं. जमिनीतून एक वायू सतत हवेत झिरपत असतो. त्याच्यापासून झालेले बारीक कण धुळीला चिकटून ढगापर्यंत जातात आणि पाऊस त्यांना धुऊन पुन्हा खाली आणतो. येताना त्यांच्यातून किरण निघत असतात. म्हणजे आपल्याच शेतातल्या मातीतून वर गेलेलं काहीतरी पावसाबरोबर परत घरी येतं, आणि ते परत आलेलं या रेघेत दिसतं. एरवी ती रेघ बघताना मला श्वास घ्यायचं भान राहत नसे. त्या दिवशी मात्र ती लगेच खाली यावी असं वाटलं.

"वाढायलीय, वाढायलीय," बाया पुढे सरकल्या.

"हिनं हात लावला म्हणून," सासू म्हणाली.

"नाही, नाही. हे पावसामुळे... मातीतला वायू असतो, तो वर..." मला शब्द सापडेनात. मी आधी इंग्रजीत वाक्य जुळवत होते, मग मराठीत, आणि तोवर पुढचा प्रश्न येत होता. "आता तर वहिनी वर नाहीतच ना? त्या खाली आहेत. तरी रेघ चढतेय."

"खाली म्हंजे घरातच की," मुकादमीण म्हणाली. "डब्याच्या बुडाखाली."

चहा पिऊन बाया गेल्या. सासू दारात थांबून मला म्हणाली, "बरं केलंस पोरी. माज्या मनात जरा धाकधूक हुती, उगंच लेकीसारख्या सुनेला धाडायलोय का मनून. आता कळलं." वहिनीनं कपबशा विसळून पालथ्या घातल्या आणि घरी गेली.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. तसलं आभाळ मी तोवर पाहिलं नव्हतं. खालून सपाट, काळंनिळं, आणि वर ऊन पडलेलं एक पांढरंशुभ्र शिखर, इतकं उंच की मान मागे टाकावी लागत होती. त्याच्या पोटात आत्ता काय चाललं असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. डबा चालू आहे ना ते मी तपासलं आणि दारात आले. लांबून गुरगुरल्यासारखा आवाज येत होता, अजून बराच लांबून.

वहिनी तिच्या दारात उभी होती. शाळेमागच्या रानात टोळीनं विळे खाली ठेवले होते आणि बाया रमतगमत लिंबाकडे चालल्या होत्या.

"चालल्या बघा भाकर खायाला," ती म्हणाली.

मी मुकादमिणीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ताई, तुमी शाळा उघडी ठेवा," ती म्हणाली, आणि साडीचा काचा मारून पळत सुटली.

मागून सासू ओरडली, "आगं ये! आगं आभाळ आलंय! कुठं चाललीस?" ती थांबली नाही.

मी शाळेकडे धावले. मावशी वर्गात होती. मी दारातूनच ओरडले, आणि माझा आवाज एवढा मोठा निघू शकतो हे मला तेव्हा कळलं. मुलं दचकून उभी राहिली. मावशीनं शाळेमागचं दार उघडलं आणि आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो.

वहिनीनं त्यांना हाका मारल्या नाहीत. समजावलंही नाही. ती सरळ रानाला वळसा घालून लिंबाच्या पलीकडून आली. बाया बुडाशी भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं तर पायाळू बाई, डोक्यावर काळं आभाळ घेऊन, त्यांच्याकडे धावत येत होती.

"आगं बया! ही आली!"

"मागं सर! मागं सर, माय!"

"कामून आलीस गं? आमाला मारायला?"

बाया उठल्या आणि पळाल्या. ती एका अंगानं आली की दुसऱ्या अंगानं पळायच्या. वहिनी दोन्ही हात पसरून, तोंडानं हुर्रर हुर्रर करत, कधी डावीकडे, कधी उजवीकडे होत त्यांना वळवत होती. एक बाई ओढ्याकडे फुटली तर तिला वळसा घालून तिनं परत आणलं. शेवटी सगळ्यांना एकच वाट उरली, शाळेची.

"हाकायलीय," मावशी पुटपुटली. "मेंढरं हाकावीत तशी हाकायलीय बघ."

मुकादमीण सगळ्यांच्या पुढे होती. एवढी जाडजूड बाई इतकी पळू शकते हे कुणाला खरं वाटलं नसतं. एकेक करून सगळ्या दारातून आत घुसल्या. मागून वहिनी आली तेव्हा आतून दोघीतिघींनी दार लोटलं.

"तिला घेऊ नका! बाहेरच राहू द्या!"

"दार सोडा," मी म्हणाले. कुणी सोडलं नाही. मग मी मुकादमिणीचा हात धरून बाजूला केला, दार ओढलं आणि वहिनीला आत घेतलं. ती धापा टाकत भिंतीशी बसली. बाया समोरच्या भिंतीला चिकटल्या आणि मधे मुलं. आता आवाज डोक्यावर आला होता. पाऊस आडवा लागला.

मग सगळं पांढरं झालं. आवाज आणि उजेड वेगवेगळे आलेच नाहीत. भिंतीवरचा नकाशा खाली पडला. एक लहान मुलगी रडायला लागली आणि मावशीनं तिला उचललं.

पाऊस थांबल्यावर बराच वेळ मी कुणाला बाहेर जाऊ दिलं नाही. मग आम्ही बघायला गेलो. कडुलिंबाची साल शेंड्यापासून मुळापर्यंत एका पट्ट्यात सोलून निघाली होती आणि आतलं लाकूड ओलं, पिवळसर दिसत होतं. बुडाशी फडकी पसरली होती. पाण्याचा कॅन फुटला होता. एकीची भाकर तशीच होती, एक घास मोडलेली.

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. पावसाची ती ओळखीची चढण होती आणि तिच्यात एक सुळका, सरळ वर गेलेला. वीज ढगातून खाली येताना टप्प्याटप्प्यानं वाट काढते. जमिनीशी पोचण्याच्या आधीच्या अगदी इवल्याशा क्षणात तिच्या टोकाशी क्ष-किरण फुटतात, आणि तेच हे होते. पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळात असे कितीतरी क्षण मावले असते. शाळा लिंबाला माझ्या डब्याहूनही जवळ. म्हणजे ते किरण शाळेच्या भिंतीतून, बायांमधून, मुलांमधून, मुकादमिणीच्या दुखऱ्या कंबरेतून, वहिनीतून आणि माझ्यातूनही गेले असणार. इतके थोडे की कुणाला काही होणार नाही. कोण कसं जन्माला आलं हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. आम्हाला उजेड दिसायच्याही आधी ते येऊन गेले होते. मी सुळक्याकडे बघत बसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीनं की कशानं ते मला अजून सांगता येत नाही.

बाहेर ओट्यावर वाद चालला होता. एक बाई म्हणत होती, वहिनी लिंबापाशी आली म्हणूनच वीज लिंबावर पडली. दुसरी म्हणाली, "आगं, ती आली तवा न्हाई पडली. ती शाळंत व्हती तवा पडली. मग शाळंवर कामून न्हाई पडली?" मी दारात उभी राहून हे ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे मी का नाही बोलले?

सकाळी वहिनीचा भाऊ मोटारसायकलवर आला. पिशवी भरून तयार होती. तो चहा पीत असताना मुकादमीण आली आणि सासूसमोर पाय पसरून बसली.

"हिला धाडू नको. माज्या टोळीत दे."

"आन् ईज?"

"ईज कुठं पडणार ते हिला आधी कळतंय. आपल्याला न्हाई कळत. आसं माणूस माहेरी ठिवायचं का रानात न्यायचं? आन् कोकरं बी हिच्याच भरवशावर ठिव. ही उठ मनली की उठायचं."

सासू कितीतरी वेळ कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला बोलायचं होतं. वहिनीला काही आधी कळत नाही, तिनं फक्त गडगडाट ऐकला आणि झाड ओळखलं, हे कुणालाही जमेल, हे सगळं या खेपेला मराठीत जुळून आलं होतं. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. नको.

"चा पी आन् जा बाबा," सासू तिच्या भावाला म्हणाली. "दिवाळीला दोघंबी येत्याल."

त्यानंतर आठवडाभरानं मी त्यांच्याबरोबर रानात गेले. मला विळा धरता येत नाही, म्हणून मी काढलेलं सोयाबीन गोळा करत होते आणि बाया माझ्या वेगाची चेष्टा करत होत्या. वहिनी सोयाबीनच्या ओळींची एक पात धरून पुढे होती. ऊन होतं. पार क्षितिजाशी एक ढग होता, बोटाच्या पेरात मावेल एवढा. त्याच्याकडून काहीतरी ऐकू आल्यासारखं झालं, की मलाच भास झाला, कळेना.

वहिनी ताठ झाली. "उठा," ती म्हणाली.

"आगं, आर्धी पात राहिलीय," मुकादमीण म्हणाली.

"राहू द्या, काकू."

"लय लांब हाय ते आजून."

"लांब हाय तवाच उठायचं."

मुकादमिणीनं एक शिवी हासडली, विळा कंबरेला खोचला आणि गावाकडे चालायला लागली. तिच्या मागे सगळ्या.

"ताई, तुमी कामून बसलाव?" वहिनी ओरडली. "चला."

मी हातातलं सोयाबीन खाली ठेवलं आणि उठले.